नागअळीचा प्रसाद

खासबागेत सून म्हणून आल्यापासून चिन्मयीला एक गोष्ट कधीच जमली नाही, ती म्हणजे घरच्यांपासून किळस लपवणं. कॅम्पातल्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. गांडूळ हातावर घेऊन हसत मुलांना दाखवायची आणि घरी येऊन अर्धी साबणवडी झिजवायची.

श्रावणात परसातल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेघा उमटल्या. "कसली गं ही नक्षी?" सासूबाईंनी, म्हणजे वसुधाबाईंनी विचारलं. "नागअळी," चिन्मयी बोलून गेली आणि तिथंच फसली. वसुधाबाईंनी त्यातली अळी ऐकलीच नाही. नाग तेवढा ऐकला आणि हात जोडले. लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा हलत नव्हता, आणि ऐन पंचमीच्या तोंडावर नागोबा परसात!

नागपंचमीला पानाला हळदकुंकू लागलं. गल्लीतल्या बायका पाया पडून गेल्या. मग वसुधाबाईंनी तेच पान खुडून वाटीत साखरेवर ठेवलं.

"चावून खा गं. नागोबाचा प्रसाद हाय. कूस उजवंल."

चिन्मयीनं तोंड फिरवलं. "आई, किडा हाय ओ त्यो! डासापेक्षा बारीक पतंग अंडं घालतंय. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांत शिरती, गर खात पुढं जाती आणि मागं हगत जाती. ही मधली काळी रेघ म्हणजे तिची घाण. शेवटी पानाची कड दुमडून कोष करती, आणि पतंग होऊन दुसरं पान धरती."

तिनं नखानं पापुद्रा सोलला. आत पिवळट, बुळबुळीत काहीतरी वळवळलं. वसुधाबाईंनी नाक मुरडलं, पण वाटी काही खाली ठेवली नाही.

"असू दे. डोळं मिटून गीळ."

"खा की गं, आईच्या समाधानासाठी," सुहास म्हणाला. नवरा म्हणून तेवढंच त्याचं काम. मोबाइलवरची नजरही त्यानं उचलली नाही.

चिन्मयीनं पान फाडलं आणि अळी असलेला तुकडा त्याच्या तोंडाशी नेला. "मूल दोघांचं न्हवं? आधी तुम्ही."

सुहास खुर्चीसकट मागं सरकला. वसुधाबाईंनी झडप घालून तो तुकडा हिसकावून घेतला.

"शी! त्याला नगं. लहानपणापास्नं त्याला असलं बघवत न्हाय. ओकारी येती गं त्याला."

आणि तुकडा परत साखरेवर ठेवून त्यांनी वाटी सुनेपुढं केली.

चिन्मयीनं ती घेतली आणि मोरीत उपडी केली. अळीची किळस तिला आता राहिली नव्हती. घरातल्या या दोन माणसांची मात्र आली, आणि ती साबणानं जाणारी नव्हती.