मलकापूर रस्त्यावरचा जाळीचा बीम

या ब्लॉगवर मी दोनदा लिहिलं आहे की मलकापूरच्या अलीकडच्या एका सोसायटीच्या खत-गोदामाचे बीम माझ्या नकाशाबरहुकूम बनले. ते विधान खोटं होतं. ते दुरुस्त करायचं म्हणून हा मजकूर लिहिते आहे. प्रवासाची माहितीही ओघात येईल.

गोदाम पाडायला काढल्याचं कळलं, तेव्हा मी शिकले त्या कॉलेजने बीमचा एक तुकडा प्रयोगशाळेत ठेवायला मागितला. खाली पाटीवर माझं नाव येणार होतं. मी लगेच निघाले.

पुण्याहून सकाळची यष्टी घ्या. हायवेची कामं चालू आहेत, त्यामुळे वेळेचा हिशोब सैल ठेवा. कोल्हापूरला स्टँडासमोर मुक्काम केला. संध्याकाळी उद्यमनगरात फेरी मारली. आता सगळीकडे चौकोनी पोकळ पाइप आणि रुंद पायांचे एच बीम रचलेले. आमच्या वेळी अँगल, चॅनेल आणि आय बीम, एवढीच वर्णमाला होती. आय म्हणजे इंग्रजी मोठ्या आयच्या आकाराचा. कुठला बीम मीटरला किती किलो, हे मी झोपेतसुद्धा सांगत असे. इथल्याच एका वर्कशॉपच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाचा नकाशा काढायचा आणि त्याच्याभोवती गुडघे टेकून भांडायचं, ही आमची पद्धत. ती फरशी आता टाइल्सची आहे.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीकडे जाणारी गाडी पकडली. डावीकडे बसा, पन्हाळ्यानंतर डोंगर त्या बाजूला छान दिसतात. गर्दी होती. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "पावणं, बॅग मांडीवर घ्या की, तिला काय तिकीट काढलंय?" मी घेतली. बांबवड्याला गाडी थांबते तेव्हा भजी खाऊन घ्या, पुढे काही नाही.

फाट्यावर सुनीता स्कूटर घेऊन उभी होती. गोदामाचे बीम बनवणाऱ्या दत्तू मिस्त्रींची ही मुलगी. वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आता तीच चालवते आणि गोदाम उतरवायचं कामही तिच्याकडेच होतं. मिस्त्रींना मोतीबिंदूने कमी दिसतं, पण ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

हे गोदाम माझं पहिलं स्वतंत्र काम. ट्रक आत वळायला हवा, म्हणून मध्ये खांब नको. पण मोठे बीम मिळत नव्हते. मग लहान आय बीमची उभी पट्टी लांबीभर नागमोडी कापायची, दोन्ही भाग एक दात सरकवून, दाताला दात टेकवून पुन्हा जोडायचे. वजन तेवढंच, उंची दीडपट, आणि मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मिस्त्री त्याला जाळीचा बीम म्हणत. कापण्यासाठी पत्र्याचा साचा त्यांनीच कातरला होता.

जोडताना त्यांनी दोन्ही टोकांची भोकं प्लेटा बसवून बुजवली. माझ्या नकाशात प्लेटा नव्हत्या. मी सगळ्या कामगारांसमोर त्यांना झापलं, काढायला सांगितलं आणि पाचची गाडी पकडून निघून गेले. शिडी चढून तपासलं नाही. पुढे माझी बदली झाली, आणि नंतर मी शिकवायला लागले.

त्या दिवशी तो बीम क्रेनने अंगणात ठेवला गेला. टोकाची भोकं बुजलेली होती.

"काढल्या नाहीत?" मी विचारलं.

"न्हाय," मिस्त्री म्हणाले. "तुमी यष्टीला गेलासा. म्या प्लेटांवर रंग मारला."

त्या वेळी हे मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तुमी लई शिकल्याला. म्हटलं, वाद कशाला? पर बाजंची पाटी कवा मधी मोडती व्हय, बाई? खुराजवळच मोडती."

खूर म्हणजे बाजेचा पाय. मी वही काढली. बीम आधारावर टेकतो तिथे त्याला कातरणारा जोर सगळ्यात जास्त असतो. तेव्हा मी फक्त मधला वाक मोजला होता. आता खुर्चीशेजारी बसून टोकाचं गणित केलं, दोनदा. पोती उचलायला बीमला टांगलेल्या कप्पीवर खताचा पूर्ण भार आला असता, तर प्लेटांशिवाय पहिलं भोक पिळवटलं असतं. खाली पोती उचलणारी माणसं असायची.

"मिस्त्री, चूक माझी होती."

"व्हय की," ते म्हणाले. मग सुनीताला, "बाईस्नी भाकरी वाढ."

भाकरी, खर्डा आणि दही. या प्रवासातलं सर्वांत चांगलं जेवण ते. त्याचे पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन चार दिवस झाले. अनेक वर्षं मी विद्यार्थ्यांना हा बीम माझं उदाहरण म्हणून शिकवला. उदाहरण बरोबरच होतं, नाव अपुरं होतं. त्या फरशीवरचा खडू, गुडघ्याला लागलेली धूळ आणि माझा चढलेला आवाज, तिन्ही आठवतात. हल्ली आवाज जरा जास्त आठवतो.

देवघेव अशी झाली. मिस्त्रींकडे दिलं: मूळ नकाशाची एक प्रत, टोकांच्या प्लेटा लाल शाईने दाखवलेल्या, खाली 'दुरुस्ती: दत्तू मिस्त्री' आणि माझी सही. त्यांच्याकडून घेतलं: बीमचं टोक, एक नग, प्लेट जागेवर, जुन्या रंगासह. कॉलेजला पोचवलं: तेच टोक, आणि पाटीचा नवा मजकूर, त्यात दोन नावं, मिस्त्रींचं आधी. पोचपावती सुनीताने लिहिली. मिस्त्रींनी नकाशा डोळ्यांजवळ धरून अंगठ्याने प्लेटेची जागा चाचपली आणि मग पावतीवर सही केली.