काटा ठीक आहे

आमचे हे वजनकाट्यावर कामाला. दिवसभर भरलेले ट्रक तोलतात, त्यामुळे कंपनीने कागदावर छापलेल्या वजनावर यांचा काडीचा विश्वास नाही.

मुलांना सुट्टीत रानात मुक्काम करायचा होता, म्हणून गाडीला मागे जोडायचा कॅम्पर ट्रेलर घ्यायचं ठरलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. "आपल्या छोट्या गाडीला तो ओढवेल का, ते आधी बघू," असं म्हणत हे दर सुट्टीत आम्हा चौघांना काट्यावर उभं करायचे. सोबत गाद्या, भांडी, पाण्याचे कॅन, सायकली. पोरं वाढत होती, आकडा वाढत होता आणि हे मान हलवत होते. "मोठी गाडी लागेल." मी बोलून बोलून थकले, मग बोलणंच सोडलं.

यंदा एकदाची मोठी गाडी आली, ट्रेलरही आला. सामान भरून सगळं काट्यावर चढवलं. यांनी केबिनमध्ये जाऊन आकडा बघितला, खाली येऊन चाकं तपासली, पुन्हा आत गेले.

"माझ्या हिशेबापेक्षा सव्वाशे किलो कमी भरतंय. काटा बिघडला वाटतं."

मी पुढच्या सीटवर बसले होते. म्हटलं, "काटा ठीक आहे हो. जरा मागची सीट बघा."

मुलगी नोकरीच्या गावी होती आणि मुलगा मित्रांबरोबर फिरायला गेला होता.

यांनी मागचं दार उघडलं, बराच वेळ आत बघत राहिले आणि हळूच दार लावलं.

"मग छोटी गाडीसुद्धा चालली असती," म्हणाले.