गळ्यात घालायचे खिळे

लेकाकडे परदेशात राहायला आले आणि त्याच्याबरोबर थंडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. गोठलेल्या तळ्यावर बसायचं, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, असा नाद त्याला इथे लागलाय. लोकरीचे जाड पायमोजे, पाणी न शिरणारे बूट, कान झाकणारी टोपी, सगळं मी चाचपून घेतलं. उबेतलं मला कळतं. मग त्याने एक दोरी उचलली. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी आणि मुठींतून बाहेर आलेले खिळे.

"हे कशाला रे?"

"गळ्यात घालायचं, आई. बर्फ फुटून पाण्यात पडलो, तर खिळे काठावर रोवायचे आणि वर यायचं."

भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्याने.

तेव्हापासून चैन नाही. जन्मभर मी त्याला पांघरूण घालत आले. पडल्यावर वर कसं यायचं, त्यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

आज सकाळीच तो गेलाय. तळं खिडकीतून दिसत नाही. दाराजवळ त्या दोरीची खुंटी आहे. ती रिकामी आहे ना, ते बघून आले. चहा ठेवला आणि पुन्हा बघून आले.