देवापुढची वाटी
नातवानं वाइनची बाटली उघडली आणि त्या आंबूस वासानं मला आंबिलीचं मडकं आठवलं. नवी सून होते मी. सासऱ्यांनी धनज गावच्या मळ्यातले वाळत चाललेले द्राक्षाचे वेल पुन्हा जगवले होते. पहिल्या घडांचा रस सासूबाईंनी ज्वारीच्या आंबिलीसारखा मडक्यात आंबवला आणि पहिली वाटी देवापुढे ठेवली. मळा पाहायला आलेल्या पोलीस पाटलांना दुसरी मी नेऊन दिली. ते घटाघटा प्यायले नि दचकले. "वहिनी, हे तं दारू हाय! बंदी हाय न गावात?" "दारू कायची, भाऊजी? आंबील हाय," मी म्हणाले. पाटलांनी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी माझ्याकडे. सासूबाई मात्र देवघराकडे पाहत पुटपुटल्या, "मंग देवाले दिली तिचं काय करू?" आज भरला पेला हातात धरून मीही देवघराकडेच पाहून राह्यले.