अर्धं टेबल साडूचं

सुताराचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. कलिंगड घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, ते एक वेळ ठीक. पण नवं भांडं, शेजाऱ्याने बांधलेली भिंत, डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली, सगळ्यांवर त्याचं पेर वाजायचंच. म्हणून गल्लीत त्याला ठकठक्या म्हणत. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने होणाऱ्या सासऱ्यांचा दरवाजा वाजवला आणि "आतून पोकळ आहे" असं सगळ्यांसमोर सांगितलं. बायको ते अजून विसरलेली नाही.

त्याच घरातली धाकटी मुलगी नदीपलीकडच्या देशात दिली. तिचा नवराही सुतारच. त्यामुळे हे दोघे साडू झाले, आणि साडू-साडूंमध्ये जे असतं ते यांच्यातही होतं. सासरे गेल्यावर त्यांचं मनगटी घड्याळ नाहीसं झालं. ते साडूनेच लांबवलं, याबद्दल ठकठक्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आयुष्यात शंका नसलेली एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे होती.

मग दोन्ही सरकारांचं बिनसलं. जंगल त्यांचं, धरण आपलं. आपण विजेचा दर वाढवला, त्यांनी ओंडके अडवले, आपण वीज तोडली; आधी कोणी काय केलं ते दोन्हीकडचे पेपर वेगवेगळं छापत. पुलावर फाटक बसलं आणि दोघी बहिणींची भेट बंद झाली. ठकठक्याच्या दुकानात वीज होती पण लाकूड नव्हतं. तिकडे साडूकडे लाकडाची थप्पी लागली होती आणि यंत्र गप्प पडलं होतं.

अखेर पुलाजवळच्या जकात कचेरीत बोलणी ठरली. पण त्यांचं शिष्टमंडळ आपल्या टेबलावर बसेना, आणि आपली मंडळी त्यांच्या लाकडाला हात लावेनात. मोठ्या माणसांचे रुसवेही मोठे. तोडगा असा निघाला की अर्धं टेबल आपल्या लाकडाचं आपल्या सुताराने करायचं, अर्धं त्यांच्या लाकडाचं त्यांच्या सुताराने, आणि मधोमध जोडायचं. सुतारांनी एकमेकांचं अर्धं तपासून सही द्यायची. तिकडून साडूची निवड झाली. पलीकडच्या गावात बरा सुतार तेवढा एकच होता, तरी ठकठक्याच्या मनात पाल चुकचुकलीच.

त्याने एका जुन्या गोदामाची तुळई चिरून जाड फळ्या काढल्या. काम निम्म्यावर आलं तेव्हा व्यापार खात्याचे साहेब दुकानात आले, स्टुलावर बसून चहा प्यायले आणि बायकोच्या गुडघेदुखीची चौकशी करू लागले. साहेबलोक आपल्या बायकोचे गुडघे विचारायला लागले की समजावं, काम नाजूक आहे. त्यांना टेबलात जोडालगत एक पंज्याएवढी पोकळी हवी होती, खालून सरकत्या झाकणाची. आत काय ठेवायचं ते त्यांचा माणूस बोलणीच्या सकाळी येऊन बघणार होता. लाकूड सुटलं की पहिली गाडी ठकठक्याच्या दुकानात, असंही ते जाता जाता म्हणाले. ठकठक्याने मान डोलावली. रिकाम्या दुकानात दुसरं करणार काय?

साडू आपलं अर्धं टेबल घेऊन आला. दोघांनी एकमेकांना बँकेतल्या कारकुनासारखा नमस्कार केला, जोड बसवला, आणि दोन्हीकडचे अधिकारी तपासणी बघायला उभे राहिले. साडू पेराने वाजवत वाजवत जोडाशी आला. तिथे आवाज बदलला. अधिकाऱ्यांना काही कळलं नाही, पण सुताराच्या कानाला ते लपणार कसं? साडूने त्याच जागी पुन्हा वाजवलं आणि ठकठक्याकडे बघितलं. ठकठक्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"भरीव आहे," साडू म्हणाला आणि त्याने सही केली.

आता पाळी ठकठक्याची. याने मला वाचवलं म्हणजे याचीही पोकळी कुठेतरी असणारच, या हिशेबाने त्याने साडूचं टेबल वरून वाजवलं, खालून वाजवलं, गुडघ्यावर बसून पाय वाजवले. अधिकारी जांभया देऊ लागले तरी तो वाजवत होता. सगळं भरीव होतं. त्याला त्याचाच राग आला.

व्हरांड्यात त्याने साडूला गाठून हळूच विचारलं, असं का केलंत.

"पोकळ म्हणालो असतो तर तुम्हाला इथूनच उचललं असतं," साडू म्हणाला. "मग घरी जाऊन काय सांगू? तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला मीच पकडून दिलं म्हणून?"

त्याच्याकडेही तिकडच्या साहेबांनी पोकळी मागितली होती. लाकूड ओलं आहे, तडकेल, असं सांगून त्याने अंग काढून घेतलं होतं.

घरी आल्यावर ठकठक्याने बायकोला सगळं सांगितलं आणि वर आपलं मतही दिलं, की यात पाणी मुरतंय; हा माणूस ही गोष्ट जपून ठेवणार आणि वेळ आली की वसूल करणार. बायकोने ऐकून घेतलं. मग आतून आपली पेटी आणली आणि तळातून वडलांचं घड्याळ काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"मीच आणलं होतं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही विकून करवत घेतली असती. इतकी वर्षं तुम्ही त्याला चोर म्हणताय. आज त्याने तुमच्यासाठी खोटी सही केली. उद्या ते टेबल कोणी उघडलं तर कोणाची मान जाईल?"

ठकठक्या त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पॉलिशचा शेवटचा हात मारायचा म्हणून तो जकात कचेरीत गेला, त्याच तुळईचा तुकडा पोकळीत ठोकून बसवला, सरस भरला आणि झाकण कायमचं चिकटवून टाकलं. बोलणीच्या सकाळी साहेबांचा माणूस आला तेव्हा ठकठक्याने साडूचंच कारण पुढे केलं, की फळी तडकत होती. साहेबांच्या कानावर गेलं, तरी ते रागावले नाहीत. तुमचं दुकान लक्षात राहील, एवढंच म्हणाले.

मंडळी यायच्या आधी साडू शेवटची नजर टाकायला आला. त्याचं पेर जोडावरून फिरलं आणि थांबलं; पोकळ आवाज गेला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आत काय बसवलंत?"

"लाकूड," ठकठक्या म्हणाला.

"साडूबुवा, माझी सही आहे त्यावर."

"लाकूडच आहे हो. तुमच्यासाठीच भरलं." ठकठक्याने खिशातली पटाशी काढून पुढे केली. "घ्या, फोडून बघा."

पण जिन्यावर बुटांचे आवाज आले होते. साडूने पटाशीला हात लावला नाही. बोलणी चालली तेवढा वेळ तो भिंतीशी उभा राहून त्या जोडाकडे बघत होता, आणि ठकठक्या त्याच्या शेजारी उभा होता. जन्मभर लोकांवर संशय घेतला. आपल्यावर कोणी घेतला की तो कसा फेडायचा, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

करार झाला. फाटक उघडलं. लाकडाची पहिली गाडी ठकठक्याच्या दुकानावरून सरळ पुढे निघून गेली, आणि दुसरीही. पण साडूबरोबर मेहुणी आली, दोघी बहिणी दारातच गळ्यात पडून रडल्या, आणि पानं वाढली गेली. जेवायला बसताना ठकठक्याने खिशातून सासऱ्यांचं घड्याळ काढलं आणि साडूच्या ताटाशेजारी ठेवलं.

"तुमच्याकडे असू दे," तो म्हणाला.

साडूने घड्याळ उचललं. उलटं केलं. आणि त्याच्या पाठीवर पेराने हळूच वाजवून बघितलं.

दोघी बहिणी हसल्या. यांनाही भाऊजींची सवय लागली म्हणून मेहुणी कौतुकाने बोलली. ठकठक्याने खाली मान घातली आणि ताट पुढे ओढलं.