निळा प्रकाश, क्षणभर

आमची आत्या तीस वर्षं मेंदूच्या गाठींच्या पेशी वाढवते आहे. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. रविवारीही “त्यांना खायला घालून येते,” म्हणत निघते आणि काका एकटेच पानावर बसतात. “माझीही एखादी पेशी ठेव तिथे,” ते म्हणतात, “निदान चौकशी तरी होईल.”

दोन वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर एक पीएचडीवाली आली. तिचा प्रश्न असा: आरएनएचा एक इवलासा तुकडा गाठीच्या पेशीत सोडला, तर पेशीचं संरक्षण ढिलं पडून तिच्यावरचा ऑक्सिडेशनचा, म्हणजे आतून गंजण्यासारखा, ताण वाढतो का? ताण वाढला की पेशीत घातलेला रंग हिरवा चमकतो. एका बशीत खरा तुकडा, दुसरीत बिनकामाचा. पहिली चमकायला हवी, दुसरी मंद राहायला हवी. तीनदा दोन्ही चमकल्या. बिनकामाची तर जरा जास्तच.

“शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही, तर हा विषय बंद,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

दोन वर्षं पाण्यात जाणार म्हणून मुलगी रडकुंडीला आली.

“रड, पण बशीत नको,” आत्या म्हणाली. “चल, मला करून दाखव.”

अंधाऱ्या खोलीत मुलीनं आधी बिनकामाची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, रंग दिसावा म्हणून निळा प्रकाश लावला आणि चांगल्या पेशी शोधू लागली. सरकवलं, थांबली, पुन्हा सरकवलं. आत्या मनातल्या मनात आकडे मोजत होती. नव्वदपर्यंत पोचल्यावर तिला राहवेना.

“किती वेळ बघतेस गं?”

“नीट बघायला नको का, ताई?”

“स्थळाचा फोटो आहे का तो? अगं, तो निळा प्रकाश जास्त वेळ पडला, की ताण नसला तरी रंग चमकायला लागतो. ही पहिली, हिच्याकडे सगळ्यात जास्त बघतेस, म्हणून हीच जास्त उजळते.”

मुलीनं पटकन निळा प्रकाश बंद केला. मग एकदम हसायलाच लागली.

दोघींनी नव्या बशा लावल्या. पेशी साध्या, मंद उजेडात शोधायच्या, निळा प्रकाश क्षणभर, दोन्ही बशांना सारखाच, फोटो, बंद. शुक्रवारी सर त्याच खोलीत पडद्यासमोर उभे राहिले. एक फोटो जवळजवळ काळा. दुसरा, खऱ्या तुकड्याचा, हिरवागार.

“यानं गाठ बरी होत नाही,” ते म्हणाले. “पण विषय चालू.”

मुलीनं आत्याला घट्ट मिठी मारली.

“अगं सोड, आधी दिवा लाव,” आत्या म्हणाली. “माझा चष्मा सापडत नाहीये.”

तो तिच्या डोक्यावरच होता.