रुमालाखालचा हात

विठ्ठलराव यवतमाळच्या कापूस बाजारात दलाल होते. दलाल म्हणजे मधला माणूस, हे त्यांनी नुसतं धंद्यापुरतं ठेवलं नव्हतं. भावाभावांची भांडणं असोत की देवळाची पंचाईत, "आपन कोनाच्याच बाजूचे नाही" हे वाक्य ते सुपारीसारखं तोंडात ठेवत. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस सुखात जगतो, अशी त्यांची श्रद्धा होती. सौद्यात मात्र एकच हात चाले. खांद्यावरचा तांबडा रुमाल पसरायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा. बोट दाबलं की होकार, मूठ मिटली की सौदा मोडला. तोंडानं काही बोलायचंच नसल्यामुळे विठ्ठलराव जन्मात कधी खोटे पडले नव्हते.

लढाई पेटली, जपानचं गिऱ्हाईक तुटलं आणि कापसाच्या गंज्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात काळ्या पडू लागल्या. त्या जिनिंगमध्ये रोझेन्थाल नावाचा एक गोरा इंजिनियर होता. विठ्ठलरावांच्या परसातल्या खोलीत तो भाड्यानं राही. त्याच्या नावाशी दोन दिवस झटून विठ्ठलरावांनी त्याला सोपं नाव दिलं, जर्मनसाहेब. गावाला जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी एवढंच ठाऊक, त्यामुळे नाव लगेच रुळलं.

"मी जर्मन नाही, काकाजी," तो जिनिंगमध्ये शिकलेल्या वऱ्हाडीत सांगायचा. "मी यहुदी. जर्मनायनंच माह्या बापाचं दुकान फोडलं, मले हाकललं. बहीन तिकडंच राह्यली. तिचा पत्ता नाही."

"वाईट झालं," विठ्ठलराव म्हणायचे. "पन त्यायचीबी काही बाजू असन."

यावर त्यांची बायको मथुराबाई भांडी जरा जोरात आदळायची. दर शुक्रवारी सांजेला साहेब खिडकीशी दोन दिवे लावी. आईची रीत, एवढंच त्यानं सांगितलं होतं. मथुराबाईला तेवढं पुरलं. तेल तीच द्यायची, वाती तीच वळायची.

मग कुजबुज उठली की जर्मन जपानी विमानांना दिवे दाखवतो. जपानकडे यवतमाळवर टाकण्याइतके बॉम्ब उरलेत का, हे कोणी विचारलं नाही. ठाणेदार अमरसिंग येऊन ओसरीवर बसले, चहा प्याले.

"विठ्ठलराव, वरून हुकूम आहे. जर्मन असन तं कैद्यायच्या छावनीत धाडाचा. जर्मनायच्या जुलमानं पयून आला असन, अन् तुमच्यासारखा वजनदार मानूस हमी देत असन, तं राहू देतो. बोला."

साहेब दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

विठ्ठलरावांनी घसा साफ केला. हमी दिली तर सरकारच्या डोळ्यावर येणार, नाही दिली तर घरात मथुराबाई. "आपन मधले मानसं," ते म्हणाले. "आपल्याले कायले इचारता?"

"मंग तोंडानं नका सांगू," अमरसिंग हसले आणि विठ्ठलरावांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यांनीच मधे पसरला. "सौदा समजा. बोट दाबलं तं हमी."

रुमालाखाली हात गेला. आपण काहीच करत नाही आहोत, असं विठ्ठलरावांना अगदी मनापासून वाटत होतं. त्यांची मूठ तेवढी हळूच मिटली.

साहेबाला लगेच नेलं. जाताना तो मथुराबाईला म्हणाला, "काकू, तिकडं यहुदी म्हनून हाकललं. इकडं जर्मन म्हनून नेऊन राह्यले." विठ्ठलरावांना तो काहीच बोलला नाही, याचं त्यांना बरं वाटलं. छावणीत त्याला खऱ्या जर्मनांच्याच बराकीत टाकलं, असं अमरसिंगांनी पुढे हसत सांगितलं.

"म्या हो बी नाही म्हनलं, नाही बी नाही म्हनलं," विठ्ठलराव बायकोला म्हणाले. "म्या तं मधातच होतो."

"मधात कुठचे?" मथुराबाई म्हणाली. "तुमचा हात ठानेदाराच्या हातात होता."

पुढच्या शुक्रवारी सांजेला विठ्ठलराव बाहेर निघाले तर खुंटीवर रुमाल नाही. शोधत परसात गेले. साहेबाच्या रिकाम्या खोलीत, खिडकीशी, दोन दिवे जळत होते. गावभर कापूस सडत असताना त्यांत कापसाच्या वाती नव्हत्या. तांबड्या चिंध्यांच्या होत्या. शेजारी मथुराबाई हात बांधून उभी होती.

रस्त्यावरून शिपायानं आवाज दिला, "विठ्ठलराव, दिवे कोनाचे हो?"

विठ्ठलरावांचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. खांदा उघडाच होता.